मागचा आस

मराठीत ‘आस’ हा शब्द दोनदा येतो. स्त्रीलिंगी आस ‘आशा’पासून आलेली, ती लागते, लावली जाते, कधी तुटते. पुल्लिंगी आस ‘अक्ष’पासून आलेला, तो फिरतो, किंवा त्याच्याभोवती दुसरे काही फिरते. भूगोलाच्या पुस्तकामुळे पृथ्वीचा आस आपल्याला ठाऊक असतो. बैलगाडीच्या आसाला आमच्याकडची जुनी माणसे ‘आख’ म्हणत, आणि आज वर्गात हा शब्द उच्चारला तर मुलांना हिंदीतला डोळा आठवतो. भाषाविज्ञानाच्या तासाला मी गेली वीस वर्षे हे उदाहरण देत आलो आहे. संस्कृत ‘अक्ष’, लॅटिन ‘आक्सिस’, इंग्रजी ‘ॲक्सल’ ही एका कुळातली भावंडे; तसेच ‘युग’, आपले ‘जू’ आणि इंग्रजी ‘योक’. चाक, आस, जू यांची नावे एवढ्या दूरदूरच्या भाषांत सारखी सापडतात, त्यावरून ती मूळ भाषा बोलणाऱ्यांपाशी गाडी होती असा तर्क अभ्यासक करतात. उदाहरण रंगते, फळ्यावर बाण काढता येतात, परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. मात्र या वीस वर्षांत माझ्यासमोर असायचा तो शब्द. प्रत्यक्ष आस, म्हणजे दोन माणसांना उचलेना असे ते लोखंडाचे धूड, मी जवळून पाहिले २०२३च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेनव्हरजवळच्या एका उपनगरात, धाकट्या भावाच्या गॅरेजमध्ये.

हे वाचून आमच्यातले काही मित्र लगेच रॉबर्ट पर्सिगचे नाव घेतील. मोटारसायकल, मुलगा आणि तत्त्वज्ञान यांना एकत्र बांधणारे त्याचे पुस्तक १९७४ साली आले आणि तेव्हापासून पान्हा हातात घेतलेल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला त्याची सावली चुकवता येत नाही. मला तसे काही लिहायचे नाही. पान्हा माझ्या हातात नव्हताच. मी बॅटरी धरून उभा होतो.

आमचे वडील, अण्णा, एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. घरी आले की त्यांच्या कपड्यांना गिअर ऑइलचा वास यायचा. त्यांच्या भाषेत ते ‘नव्वद नंबरचे तेल’. त्यात गंधकाची संयुगे असतात, म्हणून तो वास इतर तेलांच्या वासात मिसळत नाही. दोन मुलांपैकी एकाने तरी हे काम उचलावे असे त्यांना वाटत होते की काय, सांगता येणार नाही. बोलून त्यांनी दोघांनाही कॉलेजात घातले. मी मराठी घेतले, धाकटा संगणकाकडे गेला आणि तिथून परदेशी. निवृत्तीनंतर गल्लीतल्या स्कूटरी दुरुस्त करण्यात अण्णांची वीसेक वर्षे गेली. मे २०२१मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले होते. नोकरीच्या व्हिसावर असलेला माणूस इकडे आला असता तर परत केव्हा जाता येईल, याचा नेम नव्हता. धाकटा आला नाही. त्यानंतर दोन वर्षे आम्ही फोनवर हवामान, मुलांच्या परीक्षा आणि आईचा रक्तदाब यांच्यापलीकडे गेलो नाही. मग आईनेच मला तिकडे पाठवले. ‘तो गाडीखाली झोपून असतो म्हणे सुट्टीच्या दिवशी, बघून ये,’ एवढेच म्हणाली.

गाडी होती १९९८ची जीप चेरोकी. चौकोनी, अगदी लहान मुलाने काढलेल्या चित्रातल्यासारखी. हा नमुना १९८४च्या सालापासून २००१पर्यंत तिथे बनत राहिला. जीप म्हटले की आपल्याला गावातली, दहाजण लोंबकळणारी उघडी गाडी आठवते. तिचे आणि हिचे मूळ विलिस कंपनीच्या युद्धकाळातल्या गाडीतच आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलिसचे सुटे भाग जोडून जीप उभी करायला सुरुवात केली, तिथून आपली शाखा वेगळी झाली. धाकट्याने ही गाडी जुनी, स्वस्तात घेतली होती. सुट्टीत डोंगरातल्या खाणींच्या सोडून दिलेल्या रस्त्यांवर आणि शेजारच्या यूटा राज्यात मोॲबच्या खडकांवर न्यायची म्हणून. तिचा मागचा आस मात्र हलक्या कामासाठी घडवलेला. मोठी चाके लावून खडकांवर चढायचे, तर तो बदलून भारी कामाचा, डिस्क ब्रेकवाला आस बसवायचा, असा त्याचा बेत होता. आस दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा: १९९५ ते २००१ या काळातल्या फोर्ड एक्सप्लोररचा. तिकडे हौशी लोकांत ही अदलाबदल इतकी रुळली आहे की तिच्याभोवती जवळजवळ एक शास्त्र तयार झाले आहे. (आपल्याकडे असे करायला कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असे म्हटले. अण्णांच्या आगारात मात्र एका गाडीचा अवयव दुसरीला बसवणे हे रोजचे काम होते. अर्थात गाड्या एकाच जातीच्या.)

आधी आस शोधायचा. त्यासाठी भंगाराचे जे आवार असते तिथे गेलो. किरकोळ प्रवेशमूल्य द्यायचे, आपली हत्यारे आपण न्यायची, हवा तो भाग स्वतः उतरवून घ्यायचा आणि जाताना त्याचे पैसे मोजायचे. मृत गाड्या रांगेने, चाकांवेगळ्या, लोखंडी आधारांवर उभ्या. एक्सप्लोरर पुष्कळ. २००९ साली तिथल्या सरकारने जास्त पेट्रोल पिणाऱ्या जुन्या गाड्या जमा करून नव्या घेणाऱ्यांना अनुदान दिले, तेव्हा जमा झालेल्यांत ही गाडी सर्वांत पुढे होती. त्या योजनेत इंजिन पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्यातले तेल काढून सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतत आणि ते जाम होईपर्यंत चालू ठेवत. द्रवरूप काच ओतून इंजिन मारायचे! धाकट्याने हे सहज सांगितले. मला मात्र रात्री झोपेपर्यंत ते आठवत राहिले. आस मारायची अट नव्हती. आस सुटा काढून विकता येत असे.

आसाच्या मध्यभागी जो फुगीर डबा असतो, ज्याला आपले मेकॅनिक ‘हौसिंग’ म्हणतात, त्याच्या झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. तारेच्या ब्रशने गंज घासून आम्ही ती वाचली: ‘३एल५५’. शिलालेख वाचणाऱ्याला होतो तसा आनंद मला झाला. मधला ‘एल’ बाजूला ठेवला तर ३.५५ हे गिअरचे गुणोत्तर. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा साडेतीन फेऱ्यांहून थोडा जास्त फिरला की चाक एक फेरी घेणार. हेच गुणोत्तर पाहिजे होते, कारण पुढचा आस ३.५५चाच होता. चारही चाकांना ताकद दिल्यावर पुढच्या आणि मागच्या आसांची गुणोत्तरे जुळत नसतील, तर एक आस गाडीला एका वेगाने ओढतो आणि दुसरा वेगळ्या वेगाने ढकलतो. गाडी स्वतःशीच भांडत राहते आणि शेवटी काहीतरी तुटते. ‘एल’ या अक्षराचा अर्थ, एक चाक हवेत गेले तरी सगळी ताकद त्या रिकाम्या चाकात वाया जाऊ न देणारी रचना आत आहे. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव उलटा असतो: ज्या चाकाला अडथळा कमी, ते गरगर फिरते आणि ज्याचा पाय जमिनीवर आहे ते ढिम्म उभे राहते. शिक्षणसंस्थांत काम करणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

उतरवायला अख्खा दिवस गेला. यू-बोल्ट गंजून एकजीव झालेले. ते कापावेच लागले. दांड्याच्या फ्लँजचे बोल्ट बारा कोनांचे, त्यांना साधा पान्हा बसत नाही. तिथल्याच एका अनोळखी माणसाने तिसरा हात लावला तेव्हा धूड ढकलगाडीवर आले.

आता या दोन आसांत नेमका फरक किती? हे मला पुनःपुन्हा विचारावेसे वाटत होते, कारण डोळ्यांना तो फारसा दिसत नव्हता. हौसिंगच्या आत चाकापर्यंत जाणाऱ्या सळईचा (तिला शाफ्ट म्हणतात) व्यास जुन्या आसात सुमारे १.१८ इंच, नव्यात १.३१. म्हणजे एक अष्टमांश इंच अधिक. एवढ्यासाठी हा सारा खटाटोप? धाकट्याने भिंतीवर खडूने लिहून दाखवले. पिळाला तोंड देण्याची सळईची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास अकरा टक्क्यांनी वाढला, तर ताकद, लोखंड सारखेच धरले तरी, एकतृतीयांशाहून जास्त वाढते. मी गणितातला नव्हे. पण बोटाच्या पेराइतकाही नसलेला फरक आत कुठेतरी तीनदा स्वतःशी गुणला जातो, हे पटायला मला वेळ लागला.

दुसरा फरक अधिक गमतीचा आहे. बैलगाडीच्या आखाच्या टोकाला, चाक निसटू नये म्हणून, बाहेरून खीळ घातलेली असते. मराठीने या खिळीशी थोडा अन्यायच केला आहे. आपण ‘प्रगतीला खीळ बसली’ असे म्हणतो, म्हणजे खीळ ही अडवणारी वस्तू झाली. खरे तर ती नसेल तर चाकच जागेवर राहत नाही. अण्णा आम्हाला लहानपणी कैकेयीची गोष्ट सांगत. युद्धात दशरथाच्या रथाचा आस मोडला, तेव्हा तिने आपला हात घालून चाक धरून ठेवले आणि त्या बदल्यात दोन वर मिळवले. कीर्तनकार ती पुढच्या अनर्थाची तयारी म्हणून सांगतात. अण्णा ती दुरुस्तीची गोष्ट म्हणून सांगत. तर या दोन्ही मोटारींच्या आसांत ती खीळ आतल्या टोकाला आहे: इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची, अंगठीएवढी चकती. ती शाफ्टच्या आतल्या टोकाशी खाचेत बसते. वाईट गोष्ट अशी की शाफ्ट मधेच मोडला तर मोडलेल्या बाहेरच्या तुकड्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. जुन्या ड्रम ब्रेकच्या आसात अशा वेळी चाक, ड्रम आणि तुकडा एकत्र बाहेर सरकत जातात. डिस्क ब्रेक असेल तर त्याचा कॅलिपर डिस्कला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन हौसिंगलाच जखडलेला असतो. तो चाकाला निदान थोडा वेळ तरी जाऊ देत नाही. थांबवण्यासाठी बसवलेली वस्तू धरूनही ठेवते. गाडीत मागच्या बाजूला अकरा वर्षांची पुतणी बसते, म्हणून धाकट्याला डिस्क हवी होती. हे त्याने भिंतीवर लिहिले नाही.

ड्रम आणि डिस्क यांच्याविषयी अण्णांची ठाम मते होती. ड्रममध्ये एक गुण असा की चाकाची फिरतीच आतल्या एका जोडाला ड्रमवर अधिक घट्ट ओढते. पाय थोडा दाबला तरी ब्रेक पुष्कळ लागतो. पण चिखलपाणी आत शिरले की लवकर बाहेर येत नाही आणि उतारावर तापला की लायनर हात वर करतात. डिस्क उघडीच असते. पाणी झटकून देते, वाऱ्याने निवते, मात्र तिला पायाचा दाब जास्त लागतो. पुढे कळले की एक्सप्लोररच्या डिस्कच्या मधल्या टोपीत एक छोटा ड्रम लपलेला आहे, फक्त हँडब्रेकसाठी. म्हणजे ड्रम गेला नाही. नव्याच्या पोटात जाऊन उभ्या गाडीला धरण्याचे काम करत राहिला. वाङ्मयेतिहास शिकवणाऱ्या माणसाला यावर एक परिच्छेद लिहिण्याचा मोह होतो. तो आवरतो.

गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी मी पाहिले ते हे की धाकटा गाडी जॅकवर उचलून लगेच खाली शिरला नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या, गाडी हाताने हलवून पाहिली, मग खाली गेला. ‘जॅक उचलायला, घोडी धरायला’ हे अण्णांचे वाक्य. त्याला आठवून तो तसे करत होता, की हातांनाच ते ठाऊक होते, मी विचारले नाही.

जुना आस निघाला. नव्यावरचे एक्सप्लोररच्या कामाचे कंस कापून, घासून टाकले. आता वेल्डिंगचे काम होते आणि ते त्याने स्वतः केले नाही. ओळखीच्या वेल्डरला बोलावले. आसाचा मधला डबा ओतीव लोखंडाचा आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या पोलादाच्या. नळ्या डब्यात दाबून बसवून काही ठिकाणी वेल्डच्या ठिपक्यांनी अडकवलेल्या असतात. खडकांवर जोर पडला तर डबा नळीवर फिरू शकतो, म्हणून तो सांधा सगळीकडून जोडून घ्यायचा. ओतीव आणि पोलाद यांचे सहज जमत नाही. आधी डबा तापवायचा. थोडे इकडे, थोडे तिकडे असे जोडत जायचे, म्हणजे एका बाजूच्या उष्णतेने नळी वाकत नाही. मग सावकाश निवू द्यायचे. वेल्डर कामाच्या वेळी एक अक्षर बोलला नाही. काम झाल्यावर जाड ब्लँकेट टाकून त्याने आस झाकला, थंडी वाजत असलेल्या माणसावर टाकावे तसे.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) खाली आस ज्या बैठकांवर टेकतो, त्या नव्या बसवायच्या होत्या आणि इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. बैठकांतले अंतर मोजले, पुन्हा मोजले, मी वाचून दाखवले, त्याने पुन्हा मोजले. त्याहून नाजूक गोष्ट कोनाची. इंजिनाकडून येणारा दांडा आसाला सरळ रेषेत भेटत नाही. दोन्ही टोकांना क्रॉस असतात आणि त्यांच्यामुळे तो तिरका असूनही फिरू शकतो. पण तिरका क्रॉस फिरताना प्रत्येक फेरीत वेग किंचित कमीजास्त करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले, तर एका टोकाने केलेली चूक दुसरे टोक तेवढीच उलट करून फेडते आणि चाकाला काही कळत नाही. कोन चुकले तर गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर मरतात. म्हणून बैठका आधी नुसत्या टाके घालून बसवायच्या, गाडीचा पूर्ण भार त्यांच्यावर टाकायचा, कोन मोजायचा आणि मगच पक्के वेल्ड करायचे. भार आल्याशिवाय कोन खरा कळत नाही.

मी या काळात काय करत होतो? बॅटरी धरणे, आकडे वाचणे आणि शब्द टिपणे. धाकटा कामाबद्दल इंग्रजीत बोलू लागायचा, कारण त्याने ते सगळे इंग्रजीतच वाचले होते. पण बोल्ट फिरेना की तोंडून ‘आटे गेले’ यायचे. पान्हा, पक्कड, कानस, छिन्नी, पहार, घोडी, पाटे, आटे, खाच, चावी. आपल्याकडे या कामाला शब्द नाहीत असे विद्यापीठातल्या चर्चासत्रांत ऐकतो तेव्हा आश्चर्य वाटते. शब्द आहेत, फक्त ते आगारात आहेत आणि परिभाषाकोश दुसरीकडे तयार झाले. साहित्याचीही गत फार निराळी नाही. ‘गावगाडा’ हे नाव आत्रे यांनी १९१५ साली एका ग्रंथाला दिले आणि गाडीचे रूपक आपल्याकडे कायमचे रुजले. गाडी मात्र रूपकाच्या खाली राहिली. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) ट्रॅक्टर येतो तो नारबाचे जनावरांनी भरलेले जग मोडायला, ते त्या कादंबरीचे मर्मच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. बाबूराव बागूल आणि नारायण सुर्वे यांनी कामगाराला मराठीत हक्काने आणून बसवले. तरी कामगाराची भूक, त्याची जात, त्याचा संप जसा आपल्याला वाचायला मिळतो तसे त्याचे काम मिळत नाही: ते करताना त्याचे डोळे कुठे असतात, चूक त्याला कशाने कळते, त्याला अभिमान कोणत्या गोष्टीचा वाटतो. अपवाद असतील, वाचकांनी जरूर कळवावेत. मला हे दिसायला अण्णांच्या घरात वाढूनही एवढी वर्षे लागली. मीही त्यांच्यावर एखादा लेख लिहिला असता तर त्यांच्या कष्टांवर लिहिला असता, क्राउन-पिनियन बसवताना ते निळा रंग लावून दातांवर उमटलेला ठसा कसा वाचत, त्यावर नव्हे.

तर ब्रेक. नळ्या जोडल्या, तेल भरले, आता एअर काढायची. हे काम एकट्याचे नाही. एकाने आत बसून पेडल मारायचे आणि धरायचे, दुसऱ्याने चाकाशी निपल उघडून बुडबुड्यांसह तेल बाहेर घ्यायचे, निपल बंद झाल्याशिवाय पहिल्याने पाय काढायचा नाही. काढला तर बाहेरची हवा उलट आत जाते. मुख्य सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. अण्णा डाव्या मागच्या चाकापासून करत. इथे स्टिअरिंग आणि सिलिंडर डावीकडे, म्हणून सुरुवात उजव्या मागच्या चाकापासून झाली.

लहानपणी शेजाऱ्यांच्या गाड्यांचे हे काम अण्णा रविवारी दारात करत आणि आत बसायला आमच्यापैकी एकाला हाक मारत. या वेळी पुतणी बसली. तिला मराठी समजते, उत्तर ती इंग्रजीत देते. धाकटा गाडीखाली होता, त्याचे फक्त बूट दिसत होते. तिथून आवाज आला: ‘मार. मार. मार. धर!’ आणि थोड्या वेळाने, ‘सोड.’ पुन्हा, ‘मार. मार. मार. धर!’ ‘धर’वरचा तो जोर, ‘सोड’ म्हणताना उतरणारा आवाज. मी बाटलीतल्या नळीकडे बघत होतो आणि मला वर बघता येईना. पुतणीने एकदाही विचारले नाही की या शब्दांचा अर्थ काय. चार चाके झाली, पेडल वर आणि कडक आले, तेव्हा ती उतरली आणि तिने बापाला विचारले, ‘डिड आय डू द धर राइट?’

त्या संध्याकाळी गॅरेजचे दार उघडे टाकून आम्ही दोघे खाली फरशीवर बसलो होतो. हाताला तेलाचा वास होता. धाकटा म्हणाला, ‘दादा, शेवटी तू होतास ना अण्णांजवळ. काही बोलले का?’

मी त्याच्याकडे बघत राहिलो. ‘तुला कोणी सांगितलं मी होतो म्हणून?’

‘आई म्हणाली. दादा हात धरून बसला होता म्हणाली. तेवढ्यावर तर मी दोन वर्षं...’ तो थांबला. ‘आणि खरं सांगू, तेवढ्यासाठीच तुझा रागही यायचा. की तुला मिळालं ते.’

आईने असे का सांगितले असेल हे समजायला फार बुद्धी लागत नाही. मला ते तोवर माहीत नव्हते. मी त्याला खरे ते सांगितले. रुग्णवाहिकेतून उतरवून आत नेले, तेव्हा दारापाशी त्यांना शेवटचे पाहिले. त्या वॉर्डात कोणालाच सोडत नव्हते. पाच दिवस बाहेरच्या झाडाखाली इतरांबरोबर थांबायचो, डबा आत पाठवायचो. सहाव्या दिवशी त्यांनी मला प्लॅस्टिकमध्ये बांधलेले अण्णा दुरून दाखवले. हात कोणीच धरला नव्हता.

‘म्हणजे तूही नव्हतास,’ धाकटा म्हणाला.

‘मीही नव्हतो.’

बराच वेळ गेला. समोरच्या घरातला माणूस गवतावर पाणी मारत होता. मग त्याने विचारले, ‘फोन?’

‘तिसऱ्या दिवशी नर्सने लावून दिला होता. धाप लागत होती. म्हणाले, स्कूटर दोन दिवसांनी एकदा सुरू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल.’

तो हसला की रडला हे अंधारात नीट कळले नाही. उठून त्याने गॅरेजचा दिवा लावला आणि सांडलेले तेल पुसू लागला.

रविवारी सकाळी जवळच्या शाळेच्या रिकाम्या वाहनतळावर ब्रेक तपासायला गेलो. ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती की गाडीत मागचा ब्रेक मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. ब्रेक मारला की सगळा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. तीच आधी जाम झाली तर गाडीचे शेपूट फिरून पुढे येते. म्हणून मागे जाणारा दाब अडवणारा एक व्हॉल्व असतो आणि तो ड्रमच्या हिशेबाने ठरवलेला. डिस्कला दाब जास्त लागतो, तेव्हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. धाकट्याने हाताने फिरवता येणारा व्हॉल्व बसवला होता. गाडीला एबीएस नव्हते. तो ताशी तीस मैलांवरून जोरात ब्रेक मारायचा आणि मी बाजूला उभा राहून कोणते चाक आधी थांबते ते बघायचो. मागचे नुसते लोळत येत होते. व्हॉल्व अर्धा वळसा फिरवला. पुन्हा. अजून अर्धा. सातव्या खेपेला मागची चाके आधी जाम झाली, गाडीचे बूड किंचित उजवीकडे सरकले आणि रबराचा वास आला. ‘मागे आधी!’ मी ओरडलो. पाव वळसा मागे घेतला. आठव्या खेपेला पुढची थांबली आणि निमिषभराने मागची. काळे पट्टे मोजायला आम्ही दोघेही वाकलो. पुढचे लांब, मागचे आखूड. त्याने खिशातून पांढऱ्या रंगाचे पेन काढून व्हॉल्वच्या त्या जागेवर खूण केली.

हँडब्रेक तेवढा राहिला. एक्सप्लोररच्या केबली जीपच्या लिव्हरपर्यंत नेण्यासाठी जो कंस लागतो तो त्याने दोनदा केला, दोनदा मोडला. पहिल्यांदा केबल पाट्याला घासत होती, दुसऱ्यांदा ती एका बाजूने ताणली जाई आणि दुसरीकडे सैल राही. त्याची घाई नव्हती. मोॲबला जायचे होते ते ऑक्टोबरमध्ये, तिथला उन्हाळा ओसरल्यावर. माझे परतीचे विमान जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होते. विमानतळावर त्याने मला त्याच गाडीतून नेले. निघण्यापूर्वी पुतणीने चाकामागचा दगड उचलून माझ्या बॅगेशेजारी ठेवला, तिकडे उतरल्यावर लावायला.